अबू धाबीची अखेरची शर्यत : नॉरिसला तिसरा क्रमांक खरोखर पुरेल का?

राजारामपुरीकर (मंगळवार, २ डिसेंबर २०२५)

नमस्कार. येत्या रविवारी, ७ डिसेंबरला, अबू धाबीच्या यास मरीना सर्किटवर फॉर्म्युला वनच्या या हंगामाची चोविसावी आणि शेवटची शर्यत आहे, आणि विश्वविजेता कोण हे अजून ठरलेले नाही. लँडो नॉरिसचे ४०८, मॅक्स व्हर्स्टापेनचे ३९६ आणि ऑस्कर पियास्ट्रीचे ३९२ गुण आहेत. या तिघांनी या वर्षी प्रत्येकी सात शर्यती जिंकल्या आहेत. मी २०२१ पासून हा खेळ पाहतो आहे. शेवटच्या दिवसापर्यंत तिघे जण दावेदार राहिल्याचे मी प्रथमच पाहतो आहे.

रविवारी संध्याकाळी आमच्या घरी सात-आठ जण जमणार आहेत. त्यांत माझे थोरले काकाही आहेत. त्यांची उमेदीची वर्षे कुस्तीच्या तालमीत आणि खासबागेच्या मैदानावर गेली, आणि मोटारींच्या शर्यती ते गेल्या वर्षापासून, माझ्यामुळे, पाहू लागले आहेत. काल त्यांनी मला विचारले, "बारा गुणांनी पुढं असलेला गडी लढंल, का नुसता वेळ काढंल? आणि एकाच तालमीतले दोन गडी फडात असताना वस्तादानं कुणाच्या कानात काय सांगायचं?" नॉरिस आणि पियास्ट्री दोघेही मॅक्लारेनचे, हे त्यांनी बरोबर हेरले होते. मला मात्र नीट उत्तर देता आले नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. गुणांचे गणित नेमके कसे आहे? या सर्किटवर पुढच्या गाडीला ओलांडणे कितपत शक्य असते? नॉरिसने तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानून गाडी चालवणे शहाणपणाचे ठरेल का? आणि मॅक्लारेनने पियास्ट्रीचे काय करावे?

शाहूपुरीतला जुना प्रेक्षक (मंगळवार, २ डिसेंबर)

आधी गणित पाहू. पहिल्या दहा जणांना अनुक्रमे २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २ आणि १ असे गुण मिळतात. नॉरिस पहिल्या तिघांत आला, तर इतरांनी काहीही केले तरी तोच विजेता ठरतो, कारण तिसऱ्या क्रमांकाचे १५ धरून त्याचे ४२३ होतात आणि व्हर्स्टापेन शर्यत जिंकूनही ४२१ वरच थांबतो. मात्र व्हर्स्टापेन पहिला आणि नॉरिस चौथा आला, तर ४२१ विरुद्ध ४२० अशी स्थिती होऊन एका गुणाने विजेतेपद जाते. पियास्ट्री जिंकला तर त्याचे ४१७ होतील. तेव्हा नॉरिसला पाचवा क्रमांकही चालेल, सहावा चालणार नाही. पियास्ट्रीला व्यवहारात शर्यत जिंकावीच लागेल आणि वर नॉरिस मागे पडण्याची वाट पाहावी लागेल.

आता आपल्या काकांचा पहिला प्रश्न. तो पंधरा वर्षांपूर्वी याच सर्किटवर फेरारीपुढे उभा राहिला होता. २०१० च्या शेवटच्या शर्यतीला फर्नांडो अलोन्सो २४६ गुणांसह आघाडीवर होता. मागे मार्क वेबर २३८, सेबास्टियन फेटेल २३१ आणि लुईस हॅमिल्टन २२२ असे उभे होते. फेटेल जिंकला तरी अलोन्सोला चौथा क्रमांक पुरेसा होता. फेरारीने सगळे लक्ष वेबरवर ठेवले. वेबर टायर बदलायला लवकर आत आला, तसे त्यांनी अलोन्सोलाही आत बोलावले, आणि तो बाहेर पडला तो व्हिताली पेत्रोव्हच्या रेनॉच्या मागे. पेत्रोव्हने पहिल्याच फेरीत सेफ्टी कार (अपघातानंतर सर्वांचा वेग कमी ठेवायला पुढे धावणारी गाडी) आली असताना टायर बदलून घेतले होते, त्यामुळे त्याला पुन्हा थांबायचे नव्हते. अलोन्सो उरलेली सारी शर्यत त्याच्या मागे अडकून राहिला आणि सातवा आला. तिकडे फेटेल शर्यत जिंकून चार गुणांनी विश्वविजेता झाला. संपूर्ण हंगामात तो त्या संध्याकाळपूर्वी एकदाही गुणतक्त्यात पहिला नव्हता!

हे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, त्या दिवशी अलोन्सोचा रेस इंजिनिअर असलेले आंद्रेआ स्टेला आज मॅक्लारेनचे संघप्रमुख आहेत. एका प्रतिस्पर्ध्यावर डोळा ठेवून आपली शर्यत आखली की काय होते, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही. तरीही परवा कतारमध्ये मॅक्लारेनने जे केले, ते पाहून मला काळजी वाटते. तिथे एक टायर-संच जास्तीत जास्त २५ फेऱ्या वापरता येईल असे बंधन होते आणि शर्यत ५७ फेऱ्यांची होती. सातव्या फेरीला सेफ्टी कार आली, म्हणजे उरलेल्या ५० फेऱ्यांचे बरोबर दोन भाग पडत होते. बाकी जवळपास सर्वांनी टायर बदलले. मॅक्लारेनने दोन्ही गाड्या बाहेर ठेवल्या. व्हर्स्टापेन जिंकला, पियास्ट्री दुसरा आणि नॉरिस चौथा आला.

ऑगस्टअखेर नेदरलँड्सची शर्यत झाली तेव्हा व्हर्स्टापेन पियास्ट्रीच्या १०४ गुणांनी मागे होता, हेही काकांना सांगा. त्या वेळी त्याचे नाव विजेतेपदाच्या चर्चेत कोणी घेत नव्हते. मीही घेत नव्हतो.

ओलांडण्याबाबत एकच आकडा देतो. २०१५ पासून २०२४ पर्यंत सलग दहा वर्षे इथली शर्यत पोल पोझिशनवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून, सुटलेल्या चालकानेच जिंकली आहे. त्यामुळे सुटण्याचा क्रम ठरवणारी शनिवारची पात्रता फेरी चुकवू नका; आपल्या वेळेनुसार ती संध्याकाळी साडेसातला आहे आणि रविवारची शर्यत साडेसहाला सुटेल.

कागलचा वाचक (मंगळवार, २ डिसेंबर)

वरील गणितात सर्वांत वेगवान फेरीचा एक गुण धरलेला दिसत नाही. ४२१ विरुद्ध ४२० अशी वेळ आली, तर त्या एका गुणाने चित्र पालटेल ना?

शाहूपुरीतला जुना प्रेक्षक (मंगळवार, २ डिसेंबर)

तो गुण याच हंगामापासून रद्द झाला आहे. गेल्या वर्षापर्यंत पहिल्या दहांत येणाऱ्या चालकाला तो मिळत असे.

उद्यमनगरचा यंत्रकार (बुधवार, ३ डिसेंबर)

गणित आणि इतिहास वर आलेलाच आहे, म्हणून मी गाडीबद्दल लिहितो. माझे छोटे मशीन शॉप आहे आणि दिवसभर मायक्रोमीटर हातात असतो, त्यामुळे लास व्हेगासचा निकाल वाचून मला रात्री झोप लागली नव्हती. या गाड्यांच्या तळाला एक फळी बसवलेली असते. नवी असताना ती १० मिलिमीटर जाड असते आणि शर्यतीनंतर झिजून ९ मिलिमीटरपेक्षा कमी झालेली चालत नाही. गाडी जमिनीच्या जितकी जवळ धावेल तितकी तळाखालच्या हवेची ओढ वाढते आणि ती वळणात अधिक घट्ट बसते. पण मग फळी रस्त्याला घासते. लोभ आणि झीज यांचा हा सौदा प्रत्येक संघ दर आठवड्याला करतो. व्हेगासमध्ये नॉरिसच्या गाडीची फळी एका जागी ८.८८ मिलिमीटर भरली, पियास्ट्रीचीही कमी भरली आणि दोघेही बाद झाले. नॉरिसचा दुसरा क्रमांक गेला, म्हणजे ०.१२ मिलिमीटरसाठी १८ गुण गेले. आमच्याकडे एवढा फरक काही कामांत गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नाही. तो निर्णय झाला नसता, तर आज हा धागा निघालाच नसता.

आता यास मरीनाला काय होईल? एक तर कतारप्रमाणे इथे स्प्रिंट, म्हणजे छोटी जादा शर्यत, नाही, म्हणजे तिन्ही सराव सत्रे मिळतात. व्हेगासला पाऊस आणि रस्त्यातले सैल झालेले झाकण यांमुळे कोरड्या रस्त्यावर लांब पल्ल्याचा सराव नीट झाला नव्हता. अबू धाबीत ती अडचण येण्याची शक्यता कमी आहे. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तिथे पहिले आणि तिसरे सराव सत्र दिवसाउजेडी होते, तर शर्यत सूर्य मावळताना सुरू होऊन दिव्यांच्या प्रकाशात संपते. उन्हात तापलेला डांबरी रस्ता आणि रात्री निवलेला रस्ता टायरला अगदी वेगवेगळा वागवतो. म्हणून त्या दोन सत्रांतल्या वेळा पाहून कोणी निष्कर्ष काढू नये. शुक्रवारचे दुसरे सत्र मात्र शर्यतीच्याच वेळेला, आपल्याकडच्या साडेसहाला आहे. त्यात शेवटच्या अर्ध्या तासात जास्त इंधन भरून सलग फेऱ्या मारणाऱ्यांच्या वेळा वहीत लिहून ठेवा. कोणाच्या फेऱ्या एकसारख्या येतात आणि कोणाच्या दर फेरीला सेकंदाच्या दोन-तीन दशांशांनी ढासळतात, एवढे पाहिले तरी रविवारचा अर्धा अंदाज येतो.

पहिल्या सत्रात पियास्ट्रीच्या गाडीत पातो ओ'वॉर्ड बसणार आहे, कारण प्रत्येक गाडीसाठी वर्षातून दोन सराव सत्रे नवख्या चालकांना द्यावी लागतात. विजेतेपदाच्या आठवड्यात साठ मिनिटे गमावणे कोणालाही आवडणार नाही. पण ते सत्र उन्हातले आहे, त्यामुळे नुकसान वाटते तितके नसावे.

टायर पिरेलीच्या यादीतल्या मऊ बाजूचे तीन प्रकार असतील: सी३, सी४ आणि सी५. फेऱ्या ५८ आहेत आणि फेरी ५.२८१ किलोमीटरची आहे. साधारणपणे एकदा थांबून इथली शर्यत पूर्ण होते. मऊ टायरवर सुटणारा सुरुवातीला पुढे जाईल आणि कठीण टायरवर सुटणारा उशिरापर्यंत बाहेर राहील. ज्या संघाच्या दोन गाड्या पुढच्या रांगांत आहेत, त्यालाच हे दोन्ही डाव एकाच वेळी खेळता येतात. माझ्या मते व्हर्स्टापेनच्या रेड बुल संघाची खरी अडचण इथेच आहे. त्याचा संघसाथी युकी त्सुनोडा पुढच्या वर्षी त्या गाडीत नसणार हे काल जाहीर झाले. ही त्याची शेवटची शर्यत असली, तरी तो पहिल्या पाच-सहांत सुटला तरच व्हर्स्टापेनच्या कामाचा.

एक आठवण सांगून थांबतो. कोल्हापूरजवळच्या गो-कार्ट ट्रॅकवर मी मुलाला घेऊन जातो. गाड्या ज्या ओळीतून सतत जातात तिथे रबर बसून पकड चांगली असते आणि त्या ओळीच्या हातभर बाहेर गेले की धुळीत चाक सरकते. वाळवंटातल्या सर्किटवर तेच, फक्त ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने. म्हणून ओळ सोडून बाजूने घुसणे दिसते तितके सोपे नसते.

पंचगंगाकाठ (बुधवार, ३ डिसेंबर)

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून थोडा मतभेद नोंदवतो. २०१० चे उदाहरण सर्वांना आठवते, पण या रविवारसाठी अधिक जवळचे उदाहरण २०१६ चे आहे. तेव्हाही अबू धाबीला येताना आघाडी बरोबर १२ गुणांचीच होती. निको रॉसबर्ग ३६७ आणि हॅमिल्टन ३५५, आणि हॅमिल्टन जिंकला तरी रॉसबर्गला तिसरा क्रमांक पुरणार होता. दोघे मर्सिडीजचे, म्हणजे काकांच्या भाषेत एकाच तालमीतले.

हॅमिल्टन पोलवरून सुटला आणि आघाडीवर राहिला, पण केवळ जिंकून भागणार नव्हते. रॉसबर्गला चौथ्या जागेवर ढकलायला मागच्या गाड्यांची मदत हवी होती. म्हणून शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यात त्याने मुद्दाम गाडी हळू चालवायला सुरुवात केली. हॉटेलजवळच्या शेवटच्या वळणांमध्ये पुढच्याला ओलांडण्याची सोय नाही, तिथे तो वेग कमी करी, आणि जिथे धोका असे त्या सरळ रस्त्यावर पळून जाई. त्याच्या मागे रॉसबर्ग, त्याच्या मागे फेटेल आणि त्याच्या मागे व्हर्स्टापेन अशी माळ तयार झाली. वेग वाढव असे संघाने पुन्हा पुन्हा सांगूनही त्याने ऐकले नाही. शेवटी पहिले चौघे दोन सेकंदांच्या आत ध्वजाखालून गेले, रॉसबर्ग दुसरा आला आणि पाच गुणांनी विश्वविजेता झाला. पाच दिवसांनी त्याने निवृत्ती जाहीर केली, यावरून त्या संध्याकाळचा ताण किती असेल याची कल्पना करावी.

त्या माळेतला चौथा गडी, जो हे सगळे मागून पाहत होता, तोच आज हॅमिल्टनच्या जागी आहे. व्हर्स्टापेन पोलवरून सुटला आणि पुढे राहिला, तर तो सुसाट पळून जाईल असे मला वाटत नाही. तो नॉरिसला फेरारी आणि मर्सिडीजच्या तावडीत देण्याचा प्रयत्न करील. म्हणून "तिसरा पुरे" हे धोरण मला धोक्याचे वाटते: तिसऱ्या जागेवर राहणाऱ्याच्या मागे नेहमी एक चौथा असतो, आणि त्याला विजेतेपदाशी काही देणेघेणे नसते. फेरारीच्या शार्ल लक्लेर किंवा मर्सिडीजच्या जॉर्ज रसेलला हंगामाचा शेवट पोडियमवर, म्हणजे पहिल्या तिघांत, करायचा असेल, तर ते नॉरिसला वाट का देतील?

अर्थात २०१६ नंतर सर्किट बदलले आहे, हेही सांगितले पाहिजे. २०२१ मध्ये पाचव्या वळणाआधीची वाकडीतिकडी जागा काढून टाकली आणि पुढच्या लांब सरळ रस्त्यानंतरच्या तुकड्यात अनेक वळणांच्या जागी एकच तिरप्या उताराचे, वेगवान नववे वळण केले. पाचव्या वळणातून सहाव्याकडे आणि तिथून नवव्याकडे जाणाऱ्या दोन सरळ रस्त्यांवर मागच्या गाडीला डीआरएसची (मागचा पंख उघडून वेग वाढवण्याच्या सोयीची) मदत मिळते. त्यामुळे आघाडीवर राहून कोंडी करणे पूर्वीइतके सुरक्षित राहिलेले नाही. जो मुद्दाम हळू चालवील, तो स्वतःही त्या दोन ठिकाणी उघडा पडेल. ही सोयही या रविवारी शेवटचीच. २०११ मध्ये आलेले डीआरएस पुढच्या वर्षीच्या नव्या नियमांत राहणार नाही.

आता वस्तादाचा प्रश्न. मॅक्लारेनने सांघिक विजेतेपद सिंगापूरलाच, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, खिशात घातले आहे. त्यामुळे संघाला आता गमावण्यासारखे एकच आहे, आणि ते म्हणजे चालकांचे विजेतेपद बाहेर जाणे. २००७ मध्ये त्यांच्याच हॅमिल्टन आणि अलोन्सो या जोडीने आपसांत झुंजताना ते फेरारीच्या किमी रायकोनेनला एका गुणाने दिले होते. ११०, १०९, १०९ हा तक्ता त्या संघात कोणी विसरले नसेल. या वर्षी माँझाला पिट स्टॉप लांबल्यामुळे मागे पडलेल्या नॉरिसला पियास्ट्रीने संघाच्या सांगण्यावरून दुसरी जागा परत दिली होती. त्या अदलाबदलीत दोघांमध्ये सहा गुणांचा फरक पडला. तेव्हा पियास्ट्री गुणतक्त्यात पहिला होता आणि मन मोठे करणे त्याला परवडले. रविवारी तसे सांगायचे झाले, तर ते त्याच्या स्वतःच्या आशा मावळल्यावरच सांगावे असे मला वाटते. सुटण्यापूर्वीच "तू याच्यासाठी चालव" असे बजावणे अन्यायाचे होईल. पण पन्नासाव्या फेरीला नॉरिस चौथा, पियास्ट्री तिसरा आणि व्हर्स्टापेन पहिला असे चित्र असेल, तर एका शब्दाचा उशीर मूर्खपणाचा ठरेल.

आणि पहिले वळण विसरू नका. गेल्या वर्षी याच जागी व्हर्स्टापेन आत घुसताना पियास्ट्रीला धडकला, त्याला दहा सेकंदांचा दंड झाला आणि पियास्ट्री शेवटच्या जागेवर जाऊन दहावा आला. नॉरिस पुढे निसटला होता, म्हणून शर्यत आणि १९९८ नंतरचे पहिले सांघिक विजेतेपद मॅक्लारेनला मिळाले.

शाहूपुरीतला जुना प्रेक्षक (बुधवार, ३ डिसेंबर)

२०१६ ची आठवण योग्य आहे आणि बारा गुणांचा योगायोग माझ्या लक्षात आला नव्हता. तरी माझे मत असे की, व्हर्स्टापेनला कोंडी करायची असेल तर त्याच्या आणि नॉरिसच्या मध्ये पियास्ट्री नसला पाहिजे. दोन नारिंगी गाड्या मागे असताना त्याने वेग कमी केला, तर मॅक्लारेन एका गाडीला आधी आत बोलावून टायरच्या जोरावर त्याच्या पुढे काढू शकते. म्हणजे पियास्ट्री स्वतःसाठी जिंकायला निघाला, तरी तो आपोआप नॉरिसचीच ढाल होतो. वस्तादाला कानात काही सांगावे लागणार नाही, अशी जागा त्याला शनिवारी मिळाली म्हणजे झाले.

माझा अंदाज विचाराल, तर पोल व्हर्स्टापेनची, शर्यतही त्याचीच, आणि विजेतेपद नॉरिसचे. रेड बुलसाठी हे दुःखाचे ठरेल, कारण व्हर्स्टापेनचे हे सलग पाचवे विजेतेपद झाले असते आणि मिखाएल शूमाखरच्या २००० ते २००४ या पाच वर्षांशी बरोबरी झाली असती.

उद्यमनगरचा यंत्रकार (बुधवार, ३ डिसेंबर)

माझे मत पियास्ट्री जिंकेल असे आहे; पण शुक्रवारच्या दुसऱ्या सत्राच्या वेळा पाहिल्याशिवाय त्यावर पैज लावणार नाही. आणि ध्वज पडल्यावर लगेच पेढे वाटू नका, फळी मोजून होईपर्यंत थांबा.

राजारामपुरीकर (गुरुवार, ४ डिसेंबर)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना मी काकांना हे सगळे वाचून दाखवले. गणित त्यांना लगेच समजले. एकाच तालमीतल्या जोडीबद्दलही त्यांचे मत पंचगंगाकाठ यांच्यासारखेच पडले, की दोघांनाही आधी मोकळे लढू द्यावे. रॉसबर्गने पाच दिवसांत निवृत्ती घेतल्याचे मात्र त्यांना अजिबात पटले नाही.

पेत्रोव्हच्या मागे अडकलेल्या अलोन्सोची हकिगत ऐकून ते बराच वेळ गप्प होते. नंतर त्यांनी विचारले, "तो गडी अजून खेळतोय का?" मी सांगितले, की हो, चव्वेचाळीस वर्षांचा आहे आणि रविवारी ॲस्टन मार्टिनच्या गाडीत असेल. आता विजेतेपद कोणाचेही होवो, आमच्या घरात एक माणूस संध्याकाळभर फक्त हिरवी गाडी शोधणार आहे.